वस्ताद म्हणजे कोण? बाईंनी शोधलेला अर्थ

सुमनबाई जगदाळे यांची आणि माझी ओळख इस्लामपूरच्या एका शाळेत झाली. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी सावंतवाडीकडून नुकताच तिथे शिक्षक म्हणून आलो होतो. बाई मराठी शिकवीत. पहिल्याच दिवशी चहा घेताना त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे उंबरठ्याला काय म्हणतात?" मी सांगितलेला शब्द त्यांनी वहीत टिपला आणि त्याखाली माझे नावही लिहिले. नाव कशाला, असे मी विचारले. "शब्द ज्यानं सांगितला त्याचा," त्या म्हणाल्या.

बाईंचा मोठेपणा मला खऱ्या अर्थाने कळला तो माझ्या एका चुकीमुळे.

त्या वर्षी शाळेची नवी इमारत पुरी झाली. सिमेंट परमिटवर मिळण्याचे दिवस होते. संस्थेच्या अध्यक्षांनी खटपट करून ते मिळवले होते आणि त्यावरून गावात थोडी कुजबुजही होती. मला त्याचा पत्ता नव्हता. उद्घाटनाच्या समारंभात आभार मानताना मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आमच्या अध्यक्षांसारखा वस्ताद माणूस होता, म्हणून ही इमारत उभी राहिली." मागच्या बाकांवर शिट्ट्या वाजल्या. पालकही तोंडाला रुमाल लावून हसले. अध्यक्ष मात्र तडक उठून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या हाती पत्र पडले: दोन दिवसांत लेखी खुलासा करावा. माझी नेमणूक कच्ची होती आणि गावी परत जाऊन करण्यासारखे काही नव्हते. मी माफीनामा लिहायला बसलो. बाईंनी कागद बाजूला सारला. "आधी आपण काय बोललो ते तरी समजून घेऊ या," म्हणाल्या, आणि शाळा सुटल्यावर मला हसनभाईंच्या दुकानात घेऊन गेल्या.

हसनभाई शेतावरची ऑइल इंजिने दुरुस्त करीत. पेठेत त्यांना सगळे वस्तादच म्हणत. त्यांनी हात पुसून बाईंना स्टूल दिले.

"आमच्यात उस्ताद म्हंत्यात," ते सांगू लागले. "फारशीतला शबुद हाय. तुमच्या तोंडात त्याचा वस्ताद झाला. उस्ताद म्हंजी शिकिवनारा. नुसतं काम येतंय त्यो मिस्त्री. ज्यानं दुसऱ्याला तयार केलं, त्यो वस्ताद."

"मग लबाड माणसाला वस्ताद का म्हणतात?" बाईंनी विचारले.

हसनभाई हसले. "आवं बाई, तालमीतल्या वस्तादाला समदे डाव ठावं असत्यात. ज्याला समदं ठावं, त्याचं लोकांस्नी भ्या वाटतंय. मग म्हंत्यात, लय वस्ताद हाय गडी."

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन अध्यक्षांकडे गेल्या. त्यांनी वही उघडून दोन्ही अर्थ वाचून दाखवले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, दुसरा अर्थ गाळला तर काय बिघडेल?

"म्हंजी मी लबाड?" अध्यक्षांनी विचारले.

"शब्दात दोन्ही अर्थ आहेत. एकच आहे असं मी सांगणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "यांच्या मनात पहिला होता. लोक दुसरा समजून हसले." मग वहीचे पान उलटून त्यांनी विचारले, "तुम्ही तालमीत होता ना? तुमचे वस्ताद कोण होते?"

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. मग हळूहळू बोलू लागले. फलटणकडचे एक म्हातारे पैलवान. स्वतः कोरा चहा प्यायचे आणि घरच्या म्हशीचे दूध पोरांना पाजायचे. "मी पैली कुस्ती हारलो तवा रागानं घरी निघालो हुतो," अध्यक्ष म्हणाले. "वस्ताद म्हनले, लोकं हसली म्हनून जातूस व्हय रं? मग ऱ्हा घरीच." एवढे बोलून त्यांचे त्यांनाच हसू आले. मला खुलासा मागणाऱ्या पत्राची टेबलावरची प्रत त्यांनी फाडली आणि चहा मागवला. बाई तोवर लिहीतच होत्या.

माझी नोकरी टिकली, पुढे त्याच शाळेत मी मुख्याध्यापक झालो. टायफॉइडने आजारी पडलो तेव्हा तीन आठवडे बाईंच्या घरून माझ्यासाठी मऊ भात यायचा. मात्र माझ्या व्याकरणाच्या चुका त्या आजारपणातही दाखवून देत, हेही नमूद केले पाहिजे.

बाईंच्या वह्यांतला शब्दसंग्रह आता छापून झाला आहे. 'वस्ताद' या शब्दाखाली 'हसनभाई, इंजिनदुरुस्ती' असे स्वच्छ छापलेले आहे. प्रकाशकांनी ही नावे वगळायला सुचवले होते. बाईंनी हस्तलिखित परत मागितले, तेव्हा ते नमले.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे दुखतात, तरी गेल्या महिन्यात एसटीने जतला जाऊन, मेंढरांमागे फिरणाऱ्या बायकांकडून नवी वही भरून त्या परतल्या. ईश्वराने त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट पाय द्यावेत. ज्यांच्याकडचे शब्द बाईंच्या वहीत यायचे राहिले आहेत, अशी माणसे या भागात अजून पुष्कळ आहेत.