काळ्या पडद्याचा हार

आमच्या वर्गातल्या डिजिटल फळ्याला दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून लोंबतोय, पार वाळलेला. काढायचा कशाला? फळा सुरूच होत नाही. बसवणारे बसवून गेले, पासवर्ड सोबत घेऊन गेले. तरी दर शनिवारी शिक्षण खात्यातल्या साहेबांचा फोन येतो, "बाई, फळा वापरतानाचा फोटो टाका."

मग मी मुलांना त्या काळ्या पडद्यापुढे उभं करते, एकाला बोट दाखवायला लावते. व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा अंगठा लगेच येतो. विझलेला पडदा ज्यांना दिसत नाही, ते आम्हाला तंत्रज्ञानावर भाषणं देतात!

आज पहिलीतली एक पोर पुढे आली. तिने हार पाहिला आणि घरी आजोबांच्या फोटोपुढे जोडते तसे हात जोडले. मी तसाच फोटो पाठवला.

साहेबांचा अंगठा आला.