उकळलेला स्वेटर

परवा सुनेनं माझा लोकरीचा स्वेटर चुकून कढत पाण्यात टाकला. ओल्या लोकरीचा तो वास नाकात शिरला आणि मी साठ वर्षं मागं, कुंडलला जाऊन पोचले.

आम्ही बौद्ध झालो होतो, पण गावाच्या लेखी होतो तेच. आईच्या विणकामाला मात्र गावात मागणी होती. वरच्या आळीतल्या वैनीसाहेबांनी नातीसाठी लोकर धाडली. ती नात माझ्याच वयाची, म्हणून आई रोज विणलेला भाग माझ्या अंगाला लावून माप बघायची. हळदीसारख्या पिवळ्यावर लाल पोपट. पुरा झाला तेव्हा तिनं तो क्षणभर मला घातला. वाटेनं जाणाऱ्या वैनीसाहेबांच्या गड्यानं ते बघितलं.

चार दिवसांनी वैनीसाहेबांनी अंगणाबाहेरूनच स्वेटर आमच्या दारात फेकला. आटून बाहुलीएवढा झालेला, पोपटांचा लाल रंग सगळीकडं फुटलेला.

"तुज्या पोरीनं घातलावता, म्हणून उकळून घेतला," त्या म्हणाल्या. "पर मापच चुकलंय तुजं. लोकर वाया घालवलीस."

"व्हय, वैनीसाहेब," आई म्हणाली.

पुढं तिनं गावाला कितीतरी स्वेटर विणून दिले. माझ्या अंगाला लावून माप मात्र पुन्हा कधी घेतलं नाही.