रेलमोटारीचा दसरा

लोक याला नॉस्टॅल्जिया म्हणतात. म्हणोत बापडे. जुन्या गाड्यांसाठी उसासे टाकणं मला कधीच जमलं नाही. मला राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही.

मी ऑस्ट्रेलियात टूवूंबाला शिकायला आले तेव्हा आमच्यासारख्या विद्यार्थ्यांचा नुसता लोंढा आला होता. शहरात खोली मिळेना, म्हणून वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात एका म्हाताऱ्याच्या घरामागची खोली घेतली. बसचा पत्ता नव्हता, तोच मला सकाळी गाडीतून युनीला, म्हणजे युनिव्हर्सिटीला, सोडायचा. रेल्वे होती कधीकाळी. ती बंद झाली, रूळ उखडले आणि स्टेशनापुढचा मैलभराचा तुकडा तेवढा उरला. त्या तुकड्यावर म्हातारा कित्येक वर्षं रविवारी रेलमोटार चालवत होता. रेलमोटार म्हणजे बससारखा दिसणारा एकच डबा, त्यालाच इंजिन. ब्रिस्बेनहून माणसं पोरांना घेऊन यायची, मैलभर जाऊन परत यायची, आइस्क्रीम खायची. मग हायवे गावाबाहेरून गेला आणि माणसं यायची थांबली. तरी म्हातारा रोज सकाळी शेडमध्ये जाऊन पाच मिनिटं तिचं इंजिन चालू करून बघायचा.

आमच्या वऱ्हाडातल्या गावालाही छोटी गाडी होती. वडील तिच्या रुळांवर गँगमन. दसऱ्याला ते पाना-हातोडी पुजायचे आणि ड्रायव्हर इंजिनाला झेंडूची माळ घालायचा. ती गाडी बंद झाली तेव्हा गावातल्या कुणी साधा अर्जसुद्धा केला नाही. शेवटच्या फेरीला वडील एकटेच स्टेशनावर गेले. मी घरात बारावीचा अभ्यास करत बसले होते. त्याची लाज मला आजही वाटते.

इथला पहिला दसरा आला तेव्हा म्हातारा मुलीकडे गेला होता. मी त्याच्या टोमॅटोच्या वाफ्याकडेचा झेंडू तोडला, शेडमध्ये जाऊन रेलमोटारीला माळ घातली, नारळ फोडला आणि पुढच्या पत्र्यावर कुंकवाने चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. आपल्याकडे गाडी पुजताना काढतात तसंच. ते इथे कुणाला कसं दिसेल, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, ती शेड पाडून पार्किंग करायचंच होतं. त्यांच्या माणसाने फोटो काढला आणि आठवड्याभरात नोटीस लागली: वापरात नसलेली ही शेड नाझी चिन्हं रंगवणाऱ्या गुंडांचा अड्डा झाली आहे, सबब ती पाडावी आणि गाडी भंगारात द्यावी. त्याआधी गावाची एक सभा होणार होती.

युनीतली माझी पुण्याची मैत्रीण हादरली. "अगं, गप्प बस ना! पोलिस केस झाली तर व्हिसा जाईल. आणि तुझं काय जातंय? कोर्स संपला की तू इथे थांबणारेस थोडीच!"

तिचं काही चूक नव्हतं. पण गप्प बसण्याचा अनुभव मी एकदा घेतला होता.

आधी म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माझा मोठा भाऊ त्या युद्धातून परत आला नाही. ते चिन्ह नको. बाकी काय करायचं ते कर." मी बादली घेऊन गेले आणि स्वतःच्या हाताने पत्रा पुसला. माळ मात्र काढली नाही.

सभेत उभी राहिले आणि म्हटलं, गुंड वगैरे कुणी नाही, ते मी काढलं. आमच्याकडे पोट भरणाऱ्या यंत्राला वर्षातून एकदा हात जोडतात. ज्यांना त्या चिन्हाने त्रास झाला त्यांची मी माफी मागते. पण पूजा केली याची माफी मागणार नाही. शेड वापरात नाही असं तुम्ही लिहिलंय, ते खोटं आहे. हा माणूस रोज वापरतो, आणि आता मीही वापरते.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. हसू दे. गुंडांचं कारण मात्र तिथेच निकालात निघालं. अध्यक्षांनी जरा कुजबुज केली आणि अट घातली: गावातल्या दोन रहिवाशांनी शेडची जबाबदारी लेखी घेतली तर पाडणार नाही, आणि सही आजच्या आज हवी.

म्हाताऱ्याने उठून सही केली. दुसऱ्या सहीसाठी कुणी उठलं नाही. लहानपणी त्या गाडीत आइस्क्रीम सांडलेली माणसं होती तिथे, पण सगळी आपापल्या बुटांकडे बघत बसली. अगदी आमच्या गावासारखी.

मी टेबलापाशी गेले. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, 'स्थानिक रहिवासी' या चौकटीत खूण केली आणि सही ठोकली. कागद घेणारी बाई गोड हसली. "पण तू मूळची कुठली, लव्ह?"

मी पत्त्यावर बोट ठेवलं आणि तिने तो वाचेपर्यंत उचललं नाही.