तर्रीचा उपवास

माझ्या पत्रकामुळे एक ससा मरता मरता वाचला. तो आमचाच होता.

नाव तर्री, मुक्काम आमची गॅलरी, नागपूर. त्याची नसबंदी ठरली आणि मी, मोहल्ल्यातली प्राणीहक्कांची तोफ (पदवी माझी मीच घेतलेली!), पिंजऱ्यावर पत्रक डकवलं: 'ऑपरेशनआधी बारा तास अन्न बंद! खाऊ घालणाऱ्याचा जाहीर निषेध!' मूळ पत्रक कुत्र्यांच्या शिबिराचं. मी फक्त 'कुत्रा' खोडून 'ससा' लिहिलं.

"त्याले काहून उपाशी मारून राहिली वं?" आईनं विचारलं.

"आई, हे शास्त्र आहे!"

"आन् तू काहून जेवून नाही राहिली?"

"तर्रीला पाठिंबा!"

सकाळी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आज काय खाल्लं यानं?"

"रात्रीपासून घासही नाही!" मी छाती पुढे काढून सांगितलं.

मॅडमचा चेहराच उतरला. "कोणी सांगितलं तुला? भुलीत उलटी होऊ नये म्हणून कुत्र्याला उपाशी ठेवतात; सशाला ओकताच येत नाही, मग उपाशी कशाला ठेवायचं? उलट रिकाम्या पोटी त्याचं पचन थांबलं की जिवावर बेततं. आज मी भूल देणार नाही!"

पिंजऱ्यावरचं पत्रक आपोआप निघून माझ्या पर्समध्ये गेलं. तर्रीकडे बघवेना.

तेवढ्यात आई खाकरली. "मॅडम, खाल्ली ना त्यानं मेथी. राती आन् सकाळीबी. अर्धी जुडी."

"आई! विश्वासघात!"

"मंग कर निषेध."

मेथीमुळे ऑपरेशन पुन्हा ठरलं. फॉर्मवर मी 'वजन अंदाजे तीन किलो' लिहिलं होतं. मॅडमनी काट्यावर ठेवला, तर्री भरला एक किलो नऊशे! "तुझ्या अंदाजानं औषध दिलं असतं तर दीडपट गेलं असतं," त्या म्हणाल्या. (मी 'तीन किलो' खोडून 'एक किलो नऊशे' लिहिलं.)

मग काचेतून जे पाहिलं त्यापुढे माझी सगळी भाषणं फिकी! एवढीशी सुई. थोड्याच वेळात आमच्या मोबाइलच्या तीन चार्जरांचा मारेकरी तर्री कापसासारखा मऊ पडला, डोळे मात्र उघडेच! मॅडमनी त्यांत मलम घातलं, नाकाशी ऑक्सिजन धरला, अंगाखाली ऊब दिली. सशाचं काळीज केवढं, धावतं किती! त्यांच्या मदतनीस बाईंनी ते शेवटपर्यंत बोटांखालून सुटू दिलं नाही. काम संपल्यावर दुसरी सुई, पहिलीची भूल उतरवणारी. आधी एक कान हलला. मग नाक. मग तर्रीनं मान उचलली आणि मेथी शोधायला लागला!

काच धूसर झाली. वाटलं, डोळ्यांत पाणी आलं.

पाणी नव्हतं. चक्कर होती!

डोळे उघडले तेव्हा मी बाकावर आडवी, समोर तर्री मेथी चघळत माझ्याकडे बघतोय, आणि आई मॅडमना सांगतेय, "याले दोन सुया लागल्या. हे फुकटातच पडली!"

पत्रकाची नवी आवृत्ती निघाली आहे. 'सशाला उपाशी ठेवू नका.' खाली आईनं पेनानं स्वतः भर घातली: 'पत्रक लिहिणारीलेबी.'