कुलूपरावांचं लिंबू

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना किल्ल्या करून दिल्या, त्याचाच हात स्वतःची एक किल्ली शेजाऱ्याला देताना का अडखळावा, हे कळायला त्याच धंद्यात असावं लागतं. दुसऱ्याच्या हातात गेलेली किल्ली एकटी राहत नाही, हे कुलूपरावांइतकं गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण एकीच्या दोन करून देणारे तेच होते.

कुलूपराव हे अर्थातच टोपणनाव. खरं नाव वीजबिलावर होतं आणि ते तिथेच राहिलं. चौकात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. त्यात दोन गिऱ्हाइकं एकदम आली, तर तिसऱ्याला आत शिरण्यासाठी आधी श्वास बाहेर सोडावा लागे. तिथे बसून ते कानशीने एकेक दात घासत किल्ली घडवत. रस्त्यापलीकडे एका तरुणाने काचेचं दुकान थाटलं होतं. तो कोरी किल्ली मशीनला लावायचा, बटण दाबायचा, आणि गिऱ्हाइकाची जांभई पुरी होण्याआधी किल्ली त्याच्या हातात ठेवायचा. कुलूपराव त्याला मशीनवाला म्हणत. अगदीच चिडले की ‘किल्लीची झेरॉक्स काढणारा’ म्हणत. तो मात्र रोज सकाळी शटर वर करताना “नमस्कार, काका!” असं रस्त्यापलीकडून ओरडायचा. त्यामुळे त्याच्याशी धड भांडताही येत नसे.

घरामागे, स्वयंपाकघर आणि मागची गल्ली यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी होती. बायको तिला अंगण म्हणे, कुलूपराव बाग म्हणत, आणि पाहुणे “अच्छा, इतकीच होय” म्हणत. तिच्यात कुंड्यांची इतकी दाटी होती की मागचं लोखंडी फाटक आत उघडायला जागाच नव्हती. म्हणून कुलूपरावांनी ते काढून गल्लीच्या बाजूला उघडेल असं बसवून घेतलं होतं. फाटकाला कुलूप अर्थातच स्वतः बनवलेलं. ते आतून-बाहेरून एकाच किल्लीने उघडायचं, पण किल्ली चुकीच्या दिशेने फिरवली की आत एक खटका पडायचा. मग ती किल्ली कितीही फिरवा, कुलूप ढिम्म. खटका उचलायला वेगळी छोटी किल्ली लागे, आणि ती कुलूपरावांच्या कमरेच्या जुडग्यात असे. चोराने नकली किल्ली आणली तरी त्याची फजिती व्हावी, हा हेतू. आजवर चोर फिरकला नव्हता, याचं श्रेय ते कुलपालाच देत. आत चोरण्यासारखं काही नाही, हे दुसरं कारण बायकोने सुचवून पाहिलं होतं.

पण यंदा चोरण्यासारखं काहीतरी होतं. पट्टीच्या स्वयंपाकघराकडच्या टोकाला, पत्र्याखाली, एक लिंबाचं झाड होतं. बी टोचून लावलेलं, वर्षानुवर्षं नुसतं वाढणारं.

“काटेच हवे होते, तर निवडुंग काय वाईट होता?” बायको विचारी.

या वर्षी त्याला फुलं आली. बरीचशी गळली, आणि एका फुलाच्या जागी गोटीएवढं हिरवं लिंबू धरलं. एकच. कुलूपराव दुकानात निघताना ते बघून जात आणि आल्यावर चपला काढायच्या आधी बघून येत. दुकानात कुणी नवीन बाळाचा फोटो दाखवला, की ते मान डोलवत आणि म्हणत, “आमच्याकडेही धरलंय.”

आणि नेमकी याच वेळेला लेकीने आईवडिलांना आठवडाभराची सहल भेट दिली. तळ्याकाठचं गेस्टहाउस, येणंजाणं, जेवणखाण, सगळं ठरवून टाकलेलं.

“बाबा, काही बोलू नका. पैसे परत मिळत नाहीत.”

बायको लग्नानंतर पहिल्यांदाच कुठेतरी नातेवाइकांचं घर नसलेल्या जागी राहायला जाणार होती. तिने नवी बॅग आणली, तीत कपडे भरले, काढले, पुन्हा भरले. तिच्या तोंडावरचा आनंद बघून कुलूपराव गप्प बसले आणि मग पाण्याच्या मागे लागले.

त्यांनी आधी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती कुंडीत उलटी खोचली. ती चहा होईपर्यंत रिकामी झाली. दुसरीला अगदी बारीक भोक पाडलं. तिच्यातून संध्याकाळपर्यंत थेंब निघाला नाही. मग बादलीत सुती दोरी सोडून तिचं दुसरं टोक कुंडीत पुरलं. दोरीने पाणी चोख वाहून आणलं आणि वाटेत जमिनीवर सोडलं. कुंडी कोरडी ती कोरडीच.

“अहो, शेजाऱ्यांना सांगा ना,” बायको म्हणाली. “पलीकडच्यांना.”

“बघतोसाहेबांना?”

पलीकडचे गृहस्थ एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. अत्यंत सभ्य माणूस. नोकरीभर त्यांच्यापुढे आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं: “बघतो.” त्यात होकार नव्हता, नकार नव्हता, माणूस मात्र समाधानाने घरी जाई. हे नाव त्यांना कुलूपरावांच्या बायकोनेच ठेवलं होतं, आणि आता तिलाच त्यांचा भरवसा वाटत होता.

घराची किल्ली देण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्या मनाने मागच्या फाटकाची द्यायचं ठरलं. साहेबांना चहाला बोलावलं, चहानंतर बागेत नेलं, आणि कुलूपरावांनी फाटकापाशी उभं राहून कुलूप फिरवून दाखवलं.

“हे बघा. डावीकडे. फक्त डावीकडे. उजवीकडे चुकूनही नाही, अडकून बसेल. काय?”

“डावीकडे.”

“आणि या लिंबाला रोज तांब्याभर. बाकीच्यांचं एक वेळ राहिलं तरी चालेल. कराल ना?”

“बघतो,” साहेब म्हणाले.

गेस्टहाउस सुरेख होतं. कुलूपरावांना तेच सहन होईना. खोलीच्या सज्जातून समोर क्षितिजापर्यंत तळं दिसे, म्हणजे पाणीच पाणी. खाली हिरवळीवर फवारे आपोआप गोल फिरत असत आणि हिरवळ भिजून झाल्यावर उरलेलं पाणी फरशीवर, बाकांवर आणि एकदा कुलूपरावांच्या पायजम्यावर उडवत.

“बघ, बघ. फरशीला पाणी घालतायत!”

“अहो, तळं बघा ना जरा.”

“तेच बघतोय. डोकं फिरायची वेळ आली आहे.”

पहिल्या संध्याकाळी त्यांनी साहेबांना फोन लावला.

“काय साहेब, घातलं का पाणी?”

“हो, म्हणजे, गेलो होतो मी.”

“मग?”

“जरा... बघतो पुन्हा.”

दुसऱ्या दिवशीही तेच. गेलो होतो, पाहिलं, बघतो. “बघतो म्हणजे काय, लिंबू बघायला पाठवलंय का तुम्हाला?” हे कुलूपराव फोन ठेवल्यावर बोलले आणि ते बायकोला ऐकावं लागलं. उन्हाळा नव्हता, पण ऊन होतं. पावसाची आशा करावी, तर झाडावर पत्रा होता. तोही कुलूपरावांनीच, कोवळं लिंबू भाजू नये म्हणून घातलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आवाज चढवला, तेव्हा कुठे साहेबांच्या तोंडून खरं बाहेर पडलं. कुलूप उघडतच नव्हतं. पहिल्याच दिवशी किल्ली फिरवली, आत काहीतरी खट्‌कन वाजलं, आणि संपलं. कुलूप बनवणाऱ्याला ‘तुमचं कुलूप उघडत नाही’ असं कसं सांगायचं, म्हणून ते संकोचाने रोज जाऊन पुन्हा प्रयत्न करत होते आणि भिंतीवरून तांब्याने पाणी आत फेकत होते.

“कुठवर जातं पाणी?”

“आवाजावरून कोरफडीपर्यंत जात असावं.”

कोरफड फाटकाला लागून होती, आणि महिनाभर पाणी नाही मिळालं तरी तिचं काही बिघडत नसे.

“तुम्ही उजवीकडे फिरवलीत!”

“डावीकडेच फिरवली हो. शपथेवर सांगतो.”

“डावीकडे फिरवली असती तर उघडलं असतं! साधं डावं-उजवं कळत नाही तुम्हाला?”

मग साहेब हळूच म्हणाले, “बघतो,” आणि त्यांनी फोन ठेवला.

बायको दात घासता घासता हे सगळं ऐकत होती. तोंड धुऊन ती आली आणि म्हणाली, “शिकवताना तुम्ही कुठे उभे होता?”

“कुठे म्हणजे? फाटकापाशी.”

“आत की बाहेर?”

“आत. बागेतच तर होतो.”

ती खोलीची किल्ली घेऊन व्हरांड्यात गेली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून म्हणाली, “हं, मी साहेब. सांगा, कुठे फिरवू?”

“डावीकडे,” कुलूपराव आतून म्हणाले आणि हाताने हवेत फिरवून दाखवू लागले. “अशी...” आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

“कुठल्या डावीकडे?” बाहेरून आवाज आला. “तुमच्या का माझ्या?”

आयुष्यात हजारदा त्यांनी ते फाटक बाहेरून उघडलं होतं. हाताला सगळं माहीत होतं, पण हाताने ते डोक्याला कधी सांगितलं नव्हतं. साहेबांनी सांगितल्याबरहुकूम, तंतोतंत डावीकडे फिरवली होती, आणि चोरासाठी लावलेल्या सापळ्यात गल्लीतला सर्वात सज्जन माणूस सापडला होता.

“आता?” दार उघडून बायकोने विचारलं.

खटका उचलायची छोटी किल्ली त्यांच्या कमरेला होती. म्हणजे परत जायचं. कुलूपरावांनी बॅगेकडे पाहिलं, आणि बायकोने त्यांच्याकडे.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही जा. लिंबाला माझा नमस्कार सांगा.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती सज्जात जाऊन पाठमोरी बसली. कुलूपराव खोलीत येरझाऱ्या घालू लागले. इतक्यात साहेबांचाच फोन आला.

“तुमच्या समोरचा तो दुकानदार आहे ना, त्याला विचारून बघू का?”

ज्याच्या मशीनला ते इतके दिवस हसले, त्याला आपल्या कुलपापाशी उभं करायचं! त्याला उघडलं नाही, तर लिंबू गेलं. आणि उघडलं तर? ते कुलूप कुणालाही उघडणार नाही, असं त्यांनी दुकानात बसून किती गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

“नको,” ते म्हणाले.

सज्जातून बायकोने मान वळवली नाही. खाली फवारा हिरवळ सोडून फरशीवर आला होता आणि मजेत फिरत होता.

“बरं,” साहेब म्हणाले. “पानं जरा माना टाकल्यासारखी दिसतायत म्हणून म्हटलं. स्टुलावर चढून पाहिलं मी.”

“स्टुलावर चढलात? तुमचे गुडघे?”

“बघितलं झालं.”

कुलूपराव खुर्चीत बसले. “साहेब,” ते म्हणाले, “चूक माझी होती. डावीकडे आतून. बाहेरून उजवीकडे. तुम्हाला उगाच बोललो.”

“छे हो.”

“बोलवा त्याला. पण उघडायच्या आधी फोन त्याच्या कानाला लावा. त्यातलं मलाच कळतं, मी सांगेन तसंच करू दे.”

दुपारी फोन आला. “नमस्कार, काका!” तोच रस्त्यापलीकडचा आवाज. कुलूपरावांनी घसा साफ केला.

“हे बघ, कुलपाला उगाच हात लावू नकोस. त्यात एक खटका आहे. पातळ पट्टी घे, ती खालच्या अंगाने...”

“काका, झालं.”

“काय झालं?”

“उघडलं. साहेब आत गेले पण पाणी घेऊन.”

“अरे, मी अजून काही सांगितलंच नाही!”

“कुलपाला हात नाही लावला, काका. कसलं जबरदस्त कुलूप आहे! ते माझ्याच्याने झालंच नसतं. पण फाटक बाहेर उघडतं ना, मग बिजागऱ्या बाहेरच्या बाजूलाच आल्या. पिना वर ठोकल्या आणि त्या बाजूने फाटक उचललं. कुलूप तसंच आहे, लागलेलं. जाताना परत बसवून देतो.”

कुलूपराव फोन कानाला लावून बसून राहिले. त्या फाटकाच्या एका कडेवर त्यांनी इतकी वर्षं रात्रंदिवस विचार केला होता. दुसऱ्या कडेकडे त्यांनी कुंड्यांना जागा व्हावी म्हणून फाटक फिरवलं, तेव्हा एकदाच पाहिलं होतं.

“काय म्हणाला?” बायकोने विचारलं.

“लिंबू ठीक आहे.”

“मग तोंड का असं?”

“ठीक आहे ना म्हणतोय!”

उरलेले दिवस त्यांनी तळं बघितलं. बायकोचं म्हणणं, तळ्याकडे तोंड करून ते गेस्टहाउसच्या दारांच्या बिजागऱ्याच बघत होते.

घरी आल्यावर झाड टवटवीत होतं, लिंबू जागेवर होतं, आणि कुलूपही लागलेलंच होतं, जणू काही झालंच नव्हतं. छोट्या किल्लीने त्यांनी खटका उचलला. खट्. आवाज नेहमीसारखाच सुरेख आला, पण त्यात त्यांना पूर्वीची गोडी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना पलीकडून “नमस्कार, काका!” अशी हाक आली. पहिल्यांदाच त्यांनी हात वर केला. खांद्यापर्यंतच, पण केला. तासाभराने एक गिऱ्हाईक आलं आणि कुणालाच उघडणार नाही असं पक्कं कुलूप मागू लागलं. कुलूपरावांनी हातातली कानस खाली ठेवली आणि विचारलं, “दार कुठल्या बाजूला उघडतं?”

लिंबू आता पिवळं झालंय. साहेबांना चहाला बोलवून ते कापायचं, असा बायकोचा रोजचा लकडा आहे.

“बघतो,” कुलूपराव म्हणतात.