मला किळस कशाची आली

"म्हाताऱ्याले किळस आली. भर वर्गात घुसला, स्पीकरची वायर उपटली अन् सुनेचा पोट हलवायचा नाच बंद पाडला. आता वखारीत पहिल्यासारखा तबला वाजते."

आमच्या खामगावात ही हकीकत सध्या अशी सांगितली जाते. यातली किळस खरी आहे, वायरही खरी आहे. उरलेले सारे असत्य आहे आणि ते माझ्या सुनेच्या वर्गाच्या मुळावर उठले आहे.

घरामागे आमची सरकीची जुनी वखार आहे. तिथे मी आयुष्यभर तबला शिकवला; बोटे आखडू लागली तेव्हा शिकवणी मिटवली. गेल्या वर्षी सुनेने ती जागा झाडूनपुसून नाचाचा वर्ग काढला. अरबी बेली डान्स आणि त्याला आपल्याकडच्या नाचाची जोड, म्हणजे फ्यूजन. पोट हलवण्यात कसली कला असते, हे मला अद्याप पुरतेसे उमगलेले नाही. संगीताची गोष्ट मात्र निराळी. एका दुपारी भिंतीपलीकडून काही अनोळखी वाद्ये ऐकू आली आणि खुर्चीच्या हातावर माझी बोटे आपोआप चालू लागली. दहा मात्रा! पण झपताल नव्हे. आपला झपताल दोन-तीन, दोन-तीन असा चालतो. हा तीन-चार-तीन असा, मधल्या चारांवर किंचित झुकून चालत होता. या वयात नवी चाल कानी पडावी, हे भाग्यच. सुनेला बोलावून तिच्या मोबाईलवर तेच वादन मी पुन्हा पुन्हा लावायला लावले.

पुढच्याच आठवड्यात ते स्पीकरवर आले आणि मला किळस आली. लग्नातल्या डीजेवाल्याकडून तिने ते कापून आणले होते. प्रत्येक आवर्तनातल्या दोन मात्रा छाटून आठ केलेल्या, खाली धडधडणारा ढोल आणि वर कुठल्याशा सिनेगीताची ओळ चिकटवलेली. पंगतीतली उष्टी ताटे एका घमेल्यात खरवडावीत, तसला प्रकार. वखारीवरची टिनेसुद्धा थडथडत होती. मी आत गेलो आणि वायर उपटली.

"मामाजी, पोरी आठच मोजतात. दहावर पाय अडकते त्याईचे," सून म्हणाली.

"मंग पायाले शिकव. गाण्याचे पाय काऊन तोडून राह्यली?"

"अन् ठेका कोण धरून देईन? स्पीकरचा जीव तर तुम्ही घेतला!"

पोरी खुदखुदल्या. पण दारात एकीची आई उभी होती. तिने माझ्या हातातली वायर पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि पुढचे काही न ऐकता मुलीला घेऊन गेली. "खुद्द सासऱ्यालेच पटत नाही, तर आपण काऊन पाठवाव?" हा तिचा सवाल गल्लीभर फिरला. आणखी एका घराने मुलगी काढली. उरलेल्या टिकतील की नाही, या धास्तीत सुनेला आता जेवण गोड लागत नाही.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने तर माझे अभिनंदन केले. "बरं केलं मास्तर! तबला कानावर आला की जिवाले बरं वाटते." हाच गृहस्थ मुलाच्या वरातीत डीजेपुढे भर रस्त्यात लोळून नाचला होता. त्याच्या शाबासकीची मला जितकी किळस आली, तितकी त्या कापलेल्या गाण्याचीही आली नव्हती.

सगळे तबल्याचाच पुरावा देतात, म्हणून तबल्याचेच सांगतो. मी शिकवणी पुन्हा सुरू केलेली नाही. माझ्याकडे एकही शिष्य नाही. संध्याकाळी वखारीचे दार लोटलेले असते आणि आत डोकावण्याची तसदी कोणी घेत नाही. तिथून ऐकू येतो तो दहा मात्रांचा अरबी ठेका आहे; आखडलेल्या बोटांनी तो मी वाजवतो आणि त्यावर सुनेच्या मुली नाचतात.