इंगळे गुरुजींची फाइल उघडणारे सर

सोनुने सरांची आणि माझी पहिली भेट मेहकरच्या त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाली, आणि त्या भेटीत मी बोलणी खाल्ली. मशीनवर बसून पाच मिनिटं होतात न होतात तोच मागून आवाज आला, "बोटाकडे काऊन पाहून राह्यली, बाई? कागदाकडे पाह्य." सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लिहायला बसले, तर आधी तोच आवाज कानात घुमला. पुढे टाइपरायटर गेले, संगणक आले, मी सरांची सहकारी झाले. बोलणी खाण्यात मात्र खंड पडला नाही.

सरांचा एक नियम होता. काम पूर्ण करून गिऱ्हाइकाच्या हाती दिलं, तरी त्याची एक प्रत आपल्याकडे राहायची. दिवाळीआधी आम्ही घरं झाडत असू, तेव्हा सर जुन्या फाइली फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून नव्या डिस्कवर उतरवून घेत असत. तेवढ्यावरही त्यांचं समाधान नसे. "उघडून पाह्यली काय?" हा प्रश्न ठरलेला. मी मनातून फार वैतागत असे आणि कधी कधी न उघडताच "हो" म्हणून टाकत असे. हे आज छापून कबूल करायला सोपं आहे, कारण याहून अवघड कबुली पुढे आहे.

धामणगाव बढ्याचे इंगळे गुरुजी निवृत्तीनंतर आपल्या आठवणींच्या वह्या घेऊन आमच्याकडे येत. महाराष्ट्र राज्य नवं होतं, तेव्हा त्यांची पहिली नेमणूक जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात झाली होती. त्या दिवसांची हकिगत मी डॉस या तेव्हाच्या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या एका मराठी प्रोग्रॅमात टाइप केली. शेवटचं पान झालं, तेव्हा छापील प्रत नंतर पाहू म्हणून नुसती फ्लॉपी घेत गुरुजींनी विचारलं, "आता या वह्याइचं काय करू, बाई?" मी तोऱ्यात सांगितलं, "कशाला ठेवता, गुरुजी? कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे कायमचं झालं." गुरुजींनी माझ्यावर विश्वास ठेवला. वह्या रद्दीत गेल्या.

बऱ्याच वर्षांनी, गुरुजी वारल्यावर, त्यांच्या कन्या कांताताई एक फ्लॉपी रुमालात बांधून आल्या. त्या तान्ह्या असतानाच त्यांची आई गेली होती आणि गुरुजी तिच्याविषयी कधी बोलत नसत. "बाबा म्हनत, तुह्या मायचं समदं लिहून ठेवलं हाय, मी गेल्यावर वाच," त्या म्हणाल्या. फ्लॉपीला बुरशी लागली होती. सरांकडे प्रत होती, पण नव्या संगणकावर ती उघडली की नुसती चिन्हांची खिचडी दिसे. तो प्रोग्रॅम चालवणारी मशीनं केव्हाच भंगारात गेली होती. कांताताई गेल्यावर मी सरांना वह्यांचं खरं काय ते सांगितलं. सर रागावले नाहीत. "बस. पाहू," एवढंच म्हणाले.

सर तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्या वयात ते एम्युलेटर वापरायला शिकले. नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचं सोंग घेणारा हा प्रोग्रॅम. मला समजेना, तेव्हा सरांनी सांगितलं, "म्हाताऱ्या माणसाले नव्या घरात झोप येत नाही. मंग त्याची जुनी खाट तेथं टाकून द्यायची." आमचा जुना मराठी प्रोग्रॅमही त्यांनी जपून ठेवला होता. तो सुरू झाला, पण अक्षरं एकीकडे आणि मात्रा-वेलांट्या भलतीकडे. तीन आठवडे सर रोज सकाळी त्याच्याशी झटत होते. शेवटी एका ओरखडे पडलेल्या सीडीवर अक्षरवळणाची, म्हणजे फॉन्टची, मूळ फाइल सापडली आणि निळ्या पडद्यावर पहिलं पान उमटलं, मी टाइप केलं होतं तसंच. सर चष्मा वर करून म्हणाले, "तीन चुका हायेत तुह्या."

कांताताईंना बोलावलं. त्या एकेक ओळ बोट ठेवून वाचत होत्या. शाळेला घंटा नव्हती, पोरं जमत नव्हती, तेव्हा गुरुजींच्या पत्नीने घरातली पितळी परात उचलली आणि ती वाजवत रोज गावातून फेरी मारली, असं तिथे लिहिलं होतं. कांताताईंचं बोट थांबलं. त्या म्हणाल्या, "थे परात माह्या घरी हाये. रोज तिच्यातच कणीक भिजवतो मी."

मला राहवेना. बाहेर येऊन मी सरांना विचारलं, वह्यांचं कांताताईंना आताच सांगू का? सर म्हणाले, "आज तिले तिची माय भेटली. तुही चूक आज मधात नको आणू." इतकी वर्षं त्यांनी ती गोष्ट कुणाजवळ काढली नाही. म्हणून सरांची परवानगी घेऊन ती आज इथे सांगते. कांताताई, त्या वह्या माझ्या सांगण्यावरून गेल्या. मला क्षमा करा.

आजही दर दिवाळीआधी सर ती फाइल स्वतः उघडतात, परातीच्या पानापर्यंत जातात, मगच बंद करतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, डोळ्यांना आणि बोटांना कधी थकवा न येवो. पण आता हे काम, सर, माझ्याकडे द्या. तुम्ही खुर्चीत बसून फक्त विचारा, "उघडून पाह्यली काय?" मी हो म्हणेन, आणि या वेळी ते खरं असेल.